मागून चालणारी बाई

राजधानी बघायला येणाऱ्या लोकांच्या प्रत्येक घोळक्याला दोन माणसं लागतात, एक पुढं आणि एक मागं. पुढचा बोलतो, बिल्ला मिरवतो, टाळ्या घेतो. मागचं माणूस डोकी मोजतं. बावीस निघाली होती आणि एकवीसच दिसताहेत, म्हणजे बाविसावं कुठल्यातरी चपलांच्या दुकानासमोर उभं असणार. त्याला गोड बोलून हाकत आणायचं, हे मागच्याचं काम. पुढचा लोकांच्या फोटोत येतो, मागच्याच्या हातात लोक कॅमेरा देतात. ही गोष्ट अशाच एका मागच्या बाईची आहे. पण तिची म्हणून सांगायला घेतली की बघता बघता नवऱ्याची होऊन जाते, त्याला माझा इलाज नाही. तिचं आयुष्यच तसं गेलं.

ती मुळात राजवाड्याच्या तिकीटखिडकीवरची. तीस वर्षं तिनं तिथं तिकिटं फाडली. खिडकी अशी बुटकी की आतल्या माणसाचे फक्त हात दिसायचे. नवरा तेव्हा नवा गाईड होता, रोज घोळका घेऊन यायचा आणि रोज भांडायचा. कडेवरच्या मुलाचं तिकीट का लागावं, यावर त्यानं एकदा पाऊण तास वाद घातला होता. लग्नाआधी दोन वर्षं त्यानं तिचे नुसते हात पाहिले होते आणि तिनं त्याची नुसती बडबड ऐकली होती. मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं दोघांनी त्याचं मनाला लावून घेतलं, मग हळूहळू सोडून दिलं.

त्याला सगळे राजेसाहेब म्हणत. चेष्टेनं सुरू झालं आणि चिकटलं. राजा गेला, राज्य गेलं, सिंहासन काचेच्या पेटीत जाऊन बसलं, पण ह्या गृहस्थाचा रुबाब तसूभर कमी झाला नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पितळी बिल्ला आणि खणखणीत आवाज. उत्तर दरवाजा, टांकसाळ, तबेले, दरबार महाल, चौकातला राजाचा पुतळा आणि शेवटी राण्यांची बाग, अशी अडीच तासांची पायी फेरी. चौतीस वर्षं. नव्या गाईडांना तो एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगायचा: वास्तूकडे पाठ आणि माणसांकडे तोंड. ज्याला बोलताना मागं वळून बघावं लागतं तो गाईड नव्हे, तोही पर्यटकच. चालतानासुद्धा तो अर्धा वेळ उलटा चालायचा, आणि कधी ठेचकाळला नाही.

चार वर्षांपूर्वी त्याला कडेचं दिसेनासं झालं. काचबिंदू. दोघं डॉक्टरांकडे गेले तोवर बराच उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकवता येते ते बघू. थेंब दिले. थेंब वेळच्या वेळी घातले तरी दोन वर्षांत त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. ह्या बाबानं डॉक्टरांना काय विचारावं? "फेरी घेता येईल ना?" डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले.

त्याच सुमारास ती निवृत्त झाली होती. तो म्हणाला, "तू मागचं माणूस हो." कचेरीतल्या साहेबांना काय, ओळखीची बाई आहे, हिशेबाची पक्की आहे, एका पायावर तयार झाले. डोळ्यांचं दोघांनी बाहेर कोणालाच कळू दिलं नव्हतं. आणि तेव्हाच कचेरीनं ती नवी यंत्रं आणली होती. गाईडच्या कॉलरला माईक, लोकांच्या कानात बोंडं. म्हणजे ओरडायला नको, आणि घोळक्यातल्या प्रत्येकाला वाटतं की गाईड आपल्याशीच बोलतोय. तिनं एक जादा जोड मागून घेतला. माईक तिच्या पदराआड आणि बोंड त्याच्या कानात. बाकीच्यांना त्यातलं काही ऐकू जात नसे.

"पायरी आहे. तीन. झाल्या. उजवीकडून सायकल. निळ्या कपड्यातल्या बाईंनी हात वर केलाय, तुमच्या डाव्या अंगाला."

"हां, निळ्या कपड्यातल्या बाई, विचारा," असं तो म्हणायचा, आणि बाई खूश. एका पाहुण्यानं तर अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की गाईडची नजर घारीची आहे. तिनं ते घरी वाचून दाखवलं तेव्हा दोघं पोट धरून हसले. हसता हसता त्यानं डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिनं वही मिटली.

खरं सांगायचं तर तिला हे दिवस आवडू लागले होते. आजवर घरात तो बोलायचा आणि ती ऐकायची. आता दिवसातले पाच तास ती बोलत होती आणि तो कान देऊन, शब्दन् शब्द ऐकत होता. लाज वाटायची तिला ह्या आनंदाची. नवऱ्याचे डोळे गेले आणि आपल्याला बरं वाटतंय, हे कोणाला सांगणार? त्यांचा एकच नियम होता. सारखं बोलून कान किटायला नकोत, म्हणून काही असेल तरच तिनं बोलायचं. ती गप्प म्हणजे सगळं ठीक, रस्ता मोकळा.

त्या नियमानंच घात केला. दरबार महालापुढचा रस्ता ओलांडताना मागून रुग्णवाहिका आली. तिच्या भोंग्यात ही काय बोलली ते त्याला काही म्हणजे काहीच ऐकू गेलं नाही. त्याला वाटलं ही गप्प आहे, म्हणजे मोकळं आहे. त्यानं पाऊल टाकलं आणि अख्खा घोळका त्याच्यामागं रस्त्यात उतरला. मालाचा ट्रक करकचून थांबला. बापाचं बोट धरून एक चारेक वर्षांची मुलगी चालली होती, चाक तिच्यापासून वीतभर लांब उभं राहिलं. राजेसाहेबांना ह्यातलं काहीच दिसलं नाही. "आमच्या राजाकडून ड्रायव्हर लोकांना शिस्त लावायची राहून गेली," असं तो म्हणाला आणि सगळे सुटकेनं हसले. डोकी मोजताना ही मात्र त्या मुलीपाशी दोनदा अडखळली.

त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिनं विषय काढला.

"पुरे झालं आता. आज ती पोर गेली असती."

"गेली नाही ना? चौतीस वर्षांत माझं एक वाक्य चुकलेलं दाखव."

"वाक्याचं काय घेऊन बसलात? मी रस्त्याबद्दल बोलतेय."

"ज्या दिवशी मी लोकांना चुकीचं काही दाखवीन, त्या दिवशी बिल्ला काढून साहेबांच्या टेबलावर ठेवीन. तोवर हा विषय नको."

"मी आलेच नाही तर?"

"मग एकटा जाईन."

आणि तो गेला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ह्या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या आठ दिवसांत ती दोनदा कचेरीच्या दारापर्यंत गेली. साहेबांना सांगितलं की संपलं, एका मिनिटाचं काम. पण नवऱ्याची चहाडी बायकोनं करायची, आणि मग चारचौघांत त्याच्या छातीवरचा बिल्ला दुसऱ्या कोणीतरी काढायचा, हे तिच्यानं झालं नाही. दोन्ही वेळा ती बॅटरीचे सेल मागायला आल्याचं सांगून परतली. कपाटात आता वर्षभर पुरतील एवढे सेल साठले होते.

सोमवारी फेरी बंद असते. मंगळवारी आभाळ भरून आलेलं, सगळीकडे सारखाच मळकट उजेड. घोळका एकोणीस जणांचा, त्यात बरेचसे वयस्क. टांकसाळ झाली, तबेले झाले, रस्ता नीट ओलांडला गेला. चौकात शिरल्याबरोबर तिला दिसलं की चौथऱ्यावर पुतळा नाही. राजाही नाही, घोडाही नाही. सोमवारी क्रेन आणून दुरुस्तीला उचलून नेला होता. चौथऱ्याभोवती दोर आणि दोराला एक पाटी: घोड्याच्या पायाला तडा गेल्यामुळे पुतळा काही महिने उपलब्ध नाही.

तो नेहमीच्या फरशीवर जाऊन उभा राहिला, पाठ चौथऱ्याला आणि तोंड लोकांना.

तिनं बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. "पुतळा नेलाय," एवढे दोनच शब्द. त्यानं लगेच सावरून घेतलं असतं, वर एखादा विनोदही केला असता. पण त्या क्षणी तिला ते ट्रकचं चाक दिसलं, आणि त्याचं ते वाक्यही आठवलं, ज्या दिवशी मी चुकीचं काही दाखवीन. ती गप्प बसली.

"आता वर बघा," तो म्हणाला. "घोड्याचा डावा पाय उचललेला आहे. राजा लढाईत जखमी होऊन वारला, त्याची ती खूण."

लोक आधी हसले. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. एक जण म्हणालासुद्धा, "काय नट आहे." राजेसाहेब पुढं बोलत राहिले. राजाची नजर कुठं आहे, म्यानावर कोणती फुलं कोरली आहेत, ते सांगितलं. मग लगामाचं सांगितलं, खोगिराच्या पट्ट्याचं सांगितलं, घोड्याच्या नाकपुड्या कशा फुलल्या आहेत तेही सांगितलं. इतकं बारीक त्यानं कधी सांगितलेलं तिला आठवत नव्हतं. आज चांगलाच रंगात आलाय, असं तिच्या मनात आलं आणि तिचा जीव तुटला. हसणं केव्हाच थांबलं होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, मग दोघातिघांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

शेवटी काठी टेकत उभे असलेले एक आजोबा पुढं झाले. फार हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पुतळा नाहीये इथं."

"कुठं नाहीये?"

"चौथऱ्यावर. रिकामा आहे हो."

तो वळला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं लोकांकडे पाठ केली. हात पुढं करून चाचपडत गेला, दोर लागला, दोराच्या पलीकडे दगडाची कड लागली. ती त्यानं टोकापर्यंत हातानं तपासली. मग लोकांकडे तोंड करून नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "माफ करा मंडळी. फेरी इथंच संपली. समोर राण्यांची बाग आहे, ती बघायला मी लागत नाही."

मग नुसता उभा राहिला, हात किंचित पुढं धरून. ती मागून चालत आली, एकोणीस माणसांच्या मधून, आणि तिनं तो हात धरला. भर चौकात ह्याआधी त्यांनी कधी हात धरला नव्हता. धरला असता तर कळलं असतं ना लोकांना.

कचेरीत त्यानं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. साहेबांना सगळं ऐकून घाम फुटला. "पण वहिनी, तुम्ही होता ना? तुम्ही कसं सांगितलं नाहीत?"

तोच घाईघाईनं म्हणाला, "यंत्राची बॅटरी गेली ऐनवेळी. तिचा काही दोष नाही."

नंतर जो कोणी भेटायला येई त्याला तो हेच सांगायचा: बॅटरी गेली हो, नाहीतर आमच्या हिनं मला कधी पडू दिलं नसतं. जुने गाईड हळहळायचे, चहा पिऊन जायचे. ती कपबशा उचलायची आणि आत जाऊन भांड्यांचा आवाज करत बसायची. तो घरात भिंतीला हात लावून चालायला शिकला. आरडाओरडा नाही, चिडचिड नाही. दिवसभर खुर्चीत बसून असायचा आणि बोलणं तर जवळजवळ बंदच झालं. जिवंत राहिला, रस्त्यावरची पोरं सुखरूप राहिली. तिला हेच हवं होतं. मग घशाखाली घास का उतरत नव्हता, ते तिचं तिलाच माहीत.

एके दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिला अगदीच राहवलं नाही. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"अहो, एक सांगायचंय. त्या दिवशी बॅटरी गेली नव्हती."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुझा श्वास ऐकू येत होता मला," तो म्हणाला. "पूर्ण वेळ. लोक हसले ना, तेव्हाच मला कळलं की मागं काहीतरी बिनसलंय. तुझा श्वासही वेगळाच चालला होता."

"मग थांबला का नाहीत?"

त्यानं खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली.

"वाटलं, आत्ता बोलशील. म्हणून लांबवत होतो. लगाम काय, खोगीर काय, त्या घोड्याच्या नाकपुड्या मी जन्मात कधी नीट बघितलेल्या नाहीत. तुला वेळ मिळावा म्हणून सुचेल ते सांगत गेलो."