लिगायाची चटई

लिगाया कधीच बोट दाखवून काही सांगायची नाही. मीठ कुठे आहे म्हणून विचारलं, की ओठांचा चंबू करून तो फडताळाकडे वळवायची. ट्राम कुठून येते विचारलं, की चंबू उजवीकडे. रॉटरडॅमला आम्ही दोघी एका घरात राहायचो. मी बंदरातल्या मालवाहतुकीचं शिकत होते, ती कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. सुरुवातीला मला वाटलं, ही बया आपल्याला वाकुल्या दाखवतेय. मग कळलं, की फिलिपिन्समध्ये असंच दाखवतात, माणसाकडे बोट करणं तिथे उद्धट समजतात.

तिच्या खोलीत चांगला पलंग होता, तरी ती खाली चटईवर झोपायची. शेवटच्या परीक्षेसाठीही ती चटईच विणत होती. समार बेटावरच्या तिच्या गावाहून गवताच्या जुड्या यायच्या. त्या रंगवायच्या, वाळवायच्या, मग हॉलमध्ये जमिनीवर बसून विणायचं. एकदा तिने माझ्या वरणाच्या पातेल्यात गवत जांभळं केलं, तेव्हा मी तिच्याशी अबोला धरला. तिने नवं पातेलं आणून ठेवलं आणि विणायला बसली.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला विचारलं होतं, की यात खास फिलिपिनो असं काय आहे? त्या दिवशी ती घरी आली ती घुश्शातच. मला म्हणाली, "माझं आडनाव स्पॅनिश, माझं इंग्रजी अमेरिकनांचं, माझा देवसुद्धा जहाजातून आलेला. सगळं कुणी ना कुणी आणून दिलेलं. चटई माझ्या आजीने विणली. आम्ही भावंडं तिच्यावरच जन्मलो, तिच्यावरच झोपलो." आणि मग तिचं ठरलेलं वाक्य, "बसल्याशिवाय चटई दिसत नाही." हे ती ऊठसूट म्हणायची. मी उभ्या उभ्या पोळी खात असले तरी म्हणायची.

परीक्षेसाठी तिने अट लिहून दिली होती. अनोळखी माणूस आपणहून येऊन बसेल, तेव्हाच काम पूर्ण झालं असं धरायचं. मी म्हटलं, वेडी आहेस का, निदान 'बसा' अशी पाटी तरी लाव. नापास झालीस तर गाशा गुंडाळून परत जावं लागेल. पण तिने ऐकलं नाही. आमच्याकडे चटई अंथरली हेच बोलावणं, म्हणाली, वर आणखी बोलवावं लागलं तर ती चटई कसली. मी आणि तिच्या मैत्रिणींनी बसायचं नाही, कुणाला सांगायचंही नाही, असं तिने बजावलं.

प्रदर्शनाच्या दिवशी दालनाच्या मधोमध ती चटई अंथरलेली होती आणि सगळे तिला वळसा घालून चालत होते. हात पाठीमागे बांधून वाकायचे, कौतुकाने मान हलवायचे, पुढे जायचे. परीक्षकही तसेच आले आणि टिपणं काढू लागले. लिगाया भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता. मला रडूच येत होतं.

माझी आई आदल्याच दिवशी पुण्याहून येऊन शेजारच्या शहरातल्या बुइटनव्हेल्डर्ट भागात तिच्या मामेभावाकडे उतरली होती. तिला मी प्रदर्शनाला बोलावलं होतं खरं, पण लिगायाला तिने पाहिलेलं नव्हतं आणि चटईचं मी काही बोलले नव्हते. ती आली, इकडे तिकडे बघितलं, आणि कुणाला न विचारता बूट काढून चटईवर मांडी घालून बसली. बूट कुठे ठेवू, म्हणून तिने भिंतीशी उभ्या मुलीला हाताने खूण केली. लिगायाने ओठांचा चंबू कोपऱ्याकडे वळवला. आईने बूट तिकडे सरकवले.

मग तिने पिशवीतून लाडवांचा डबा काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या परीक्षक बाईंना मराठीतच सांगितलं, "बसा हो. उभ्या काय?"

बाईंनी क्षणभर लिगायाकडे पाहिलं आणि बूट काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्या बसल्या, लाडू घेतला, मग चटईवरून हात फिरवत बराच वेळ वीण बघत राहिल्या. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळी तर दोन पोरं चटईवर लोळत होती.

लिगाया पास झाली. घरी आल्यावर ती पोटभर रडली. आजी येऊन बसल्यासारखं वाटलं, म्हणाली.

महाविद्यालयाला ती चटई दर्शनी भिंतीवर लावायची होती. तिने नकार दिला आणि ती गुंडाळून माझ्या आईच्या हातात ठेवली. मग ती आपल्या मर्जीने समारला परत गेली. आता तिथल्या शाळेत मुलांना चित्रकला आणि विणकाम शिकवते. तिच्यावाचून मला ते स्वयंपाकघर फार दिवस नकोसं झालं होतं.

गेल्या दिवाळीला मी पुण्याला गेले. आईने चटई हॉलच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, खिळे ठोकून लावली होती. एवढी मेहनतीची वस्तू, पाय लागून खराब होईल, म्हणाली. मी लिगायाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आईच्या हातात दिला.

दोघी हसल्या. मग लिगायाला आईच्या मागची भिंत दिसली. तिने ओठांचा चंबू केला आणि खाली, जमिनीकडे वळवला.

आईने वळून भिंतीकडे पाहिलं. "खरंच गं बाई," म्हणाली, आणि स्टूल आणायला आत गेली.