सगळ्यांना एकाच मिनिटाला

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐका. हसायचं असेल तर खुशाल हसा, माझं रडून झालंय.

पिपरी मेघे गावातल्या घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी काय करते? तर स्वीडनच्या कंपन्यांची जाहीर निवेदनं इंग्रजीत आणते. त्या कागदांचा एक कडक नियम असतो. आतली बातमी कुणा एकाला आधी सांगायची नाही. सांगायची तर सगळ्यांना, एकाच मिनिटाला. तोवर ज्यांना कळली त्यांची यादी ठेवायची. बारा वर्षं हेच वाचतेय. वाण नाही, पण गुण लागला!

बाबांना दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार दिवस नाहीत. मी काय केलं असेल? मनात यादी केली. डॉक्टर आणि मी. संपली यादी!

बाबा फोन का उचलत नाहीत, म्हणून नातेवाइकांचे मला फोन. मी प्रत्येकाला म्हणायची, "सध्या काही सांगता येणार नाही. वेळ आली की सगळ्यांना एकदमच कळेल." झालं! हिंगणघाटच्या काकांना वाटलं, मी घर विकायला काढलंय. नाचणगावच्या मावशीला वाटलं, माझं लग्न ठरलं. चाळिसाव्या वर्षी! तिनं साडीचा रंग विचारला, तर त्यालाही माझं तेच उत्तर.

मग समुद्रपूरहून आत्याचा फोन आला. बाबांची थोरली बहीण ती. तिनं एवढंच विचारलं, "बबन जेवला काय वं?"

कसंबसं म्हटलं, "वेळ आली की कळेल, आत्या." तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर निवेदन टाकलं, सगळ्यांना एकाच मिनिटाला. शुद्धलेखनसुद्धा तपासलं हो! मावशीनं तर न वाचताच अभिनंदन केलं. आत्याचा फोन मात्र साधा, बटनांचा. ती ग्रुपवर नाहीच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तोवर ती पहिल्या यष्टीत बसली होती. बाबांना घरी आणलं, तेव्हाच ती दारात पोचली. हातात गोळाभाताचा डबा. अंगणातली माणसं पाहून तिथंच थबकली.

डबा माझ्या हाती देत म्हणाली, "काल तुह्या आवाजावरूनच समजलं मले. काऊन नाई सांगितलं वं? कालच आली असती. दोन शब्द बोलली असती त्याच्याशी."

डबा घेऊन मी तिला आत बाबांजवळ नेलं. त्या नियमाखाली आणखी एक ओळ असते. बातमी बाहेर फुटली असं दिसलं, तर थांबायचं नाही, लगेच सांगून टाकायची. स्वीडिशमधून इंग्रजीत मी ती शेकडो वेळा नेली. मराठीत आणायची तेवढी राहून गेली.