करंजी घाटात बंद पडलेलं इंजिन

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि आजही 'आहे' असं छातीठोकपणे म्हणवत नाही. मी विम्यासाठी बिघडलेल्या आणि अपघाती गाड्यांची पाहणी करतो. "साहेब, गाडी आपोआप पेटली हो" असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. लोकांच्या गोष्टी खोट्या ठरवण्यावरच माझं पोट चालतं म्हणा ना!

तर गेल्या उन्हाळ्यातली दुपार. शेवगावला घरी आईच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, "अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय, वाट बघू नका. थेट नगर गाठा." माझी गाडी छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनची. पुढची सीट मागं पाडून आईला टेकवलं, बायको मंगल मागून तिचे खांदे धरून बसली आणि निघालो.

या इंजिनांची दुखणी मला पाठ आहेत. काहींमध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनची लय सांभाळणारा पट्टा, तेलातच फिरतो. कालांतरानं त्याचं रबर सुटतं, तेलाची जाळी तुंबते, टर्बो कोरडा पडतो आणि शेवटी बेल्टच तुटतो. बेल्ट तुटला की इंजिन जागच्या जागी खलास. यात वाद नाही.

करंजी घाट चढताना तेलाचा लाल दिवा लागला. पुढच्या वळणावर 'खाड्' असा आवाज झाला आणि इंजिनची घरघर थांबली. आरपीएमचा काटा शून्यावर! घाबरून मी गिअर काढला. भर चढ, मागं ट्रक, शेजारी आई घामानं निथळतेय...

"मंगल, गाडी गेली," मी म्हणालो.

आईनं डोळे न उघडताच डॅशबोर्डवर तळहात ठेवला. तरुणपणी ती माझ्या वडिलांबरोबर राहुरीकडं ऊसतोडीला जायची. भरलेली बैलगाडी चढाला लागली की बाया खाली उतरायच्या, बैलाच्या पाठीवर हात ठेवून शेजारून चालायच्या. तसाच ठेवला तिनं हात.

"पाखऱ्या... हरण्या... चला रं माज्या लेकरांनो," ती पुटपुटली. "चढावर थांबायचं न्हाई."

ते दोन बैल माझ्या जन्माआधीच गेलेले.

आणि गाडी थांबली नाही हो! गिअर काढलेला, इंजिन मेलेलं, आणि गाडी घाट चढत होती. आवाज फक्त टायरचा. आत एक संथ हेलकावा — एकदा डावीकडून ओढ, एकदा उजवीकडून. मंगलनं मागून माझा शर्ट मुठीत धरला. "आवं, बोलू नका कायी," ती म्हणाली. मी कसला बोलतोय! घाट संपला, नगरची वस्ती लागली, तरी काटा शून्यावरच. हॉस्पिटलच्या दारात ब्रेक दाबला तर पायाखाली दगडासारखा कडक. इंजिन बंद असलं की तो तसाच होतो.

आईला आत नेलं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन मी बॉनेटवर हात ठेवला. एवढं रणरणतं ऊन, एवढा रस्ता... आणि पत्रा माठासारखा गार.

पुढं गॅरेजमध्ये इंजिन खोललं. बेल्ट तुटलेला, व्हॉल्व्ह वाकलेले, टर्बोचा शाफ्ट मोडलेला. "दोर लावून टोचन करून आनली व्हय?" मेकॅनिकनं विचारलं. मी मान डोलावली. दुसरं काय सांगणार त्याला!

पण मला सांगायचंय ते आईला आणलं त्याच संध्याकाळचं. आईनं डोळे उघडले. ओठ सुकून गेले होते. नर्सनं पाणी पुढं केलं, तर आईनं तोंड फिरवलं.

"त्यांना पाजलं का?"

मी नर्सच्या हातून पेला घेऊन पुन्हा पुढं केला.

"बाळू, वढून आनलंय त्यांनी. बैल तान्हेले ठिवून मानसानं पानी प्यायचं नसतं."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मात्र निमूटपणे बादली भरली, पार्किंगमध्ये नेली आणि गाडीच्या पुढ्यात ठेवली. लोक बघत होते, पण लाज वाटली नाही. अंगावर काटा होता, डोळे भरून आले होते. हात जोडून वळलो... आणि थबकलो. बैल दोन होते.

परत जाऊन दुसरी बादली भरून आणली. मग वर गेलो.

"पाजलं, आई."

तेव्हा कुठं तिनं ओठ उघडले.