जोड नसलेलं पान

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण जळालेल्या पंख्यांच्या मोटारींना नवी तार भरून देतो. त्याला सगळे भिंगरी म्हणतात. खरं नाव बायकोला ठाऊक असावं, पण तीही 'अहो'च्या पुढे जात नाही. भिंगरी अशासाठी, की हा माणूस स्वस्थ बसलेला कुणी पाहिलेला नाही. चहासुद्धा उभ्यानं, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत पितो. लग्नाच्या फोटोत त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर आलाय, असं मी एकदा उगाच उठवून दिलं, तर आठवडाभरात तीच बातमी मला शपथेवर सांगायला एक जण आला.

तारेचे वेढे घालताना मात्र हा गडी दगड होतो. एका हातानं यंत्राचा दांडा फिरवायचा, ओठ मिटून वेढे मोजायचे. तेवढ्यात कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली, की तो सगळी तार उलगडतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. तार मध्येच तुटली तर बाकीचे कारागीर डाग देऊन जोडतात. हा जोडत नाही. "जोड दिलेली मोटर माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही," असं म्हणतो, आणि ते म्हणताना छाती जरा पुढे येते.

त्याची थोरली बहीण नर्स. शिकायला म्हणून लहान वयात घराबाहेर पडली ती नोकरीच्या गावचीच झाली. आई शेवटपर्यंत भिंगरीकडे होती. आता ताई निवृत्त झाली, आणि उन्हाळा सरला की लेकाकडे निघणार होती, दूरदेशी, कायमची. उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला.

"मला साडीबिडी काही नको. आई घरात कशी होती ते लिहून दे. मी तिला सुट्टीतच पाहिली, आणि सुट्टीत कुठलीही आई निराळीच असते."

भिंगरीनं दुरुस्तीच्या पंख्याला बांधतात तसली चिठ्ठी घेतली. नाव : ताई. काम : आई. देण्याची तारीख : विमानाची. आणि चिठ्ठी खुंटीला अडकवली. दुकानाची फळी उघडण्याआधी रोज एक पान लिहायचं असं ठरलं.

"अरे, उन्हाळ्यात?" मी म्हटलं. "गावाचे पंखे उन्हाळ्यातच जळतात. हिवाळ्यात माश्या मारत असतोस तेव्हा का नाही सुचलं?"

"हिवाळ्यात ताई इथे नसेल, काका."

मी त्याच्याच खात्यावर चहा मागवला.

पहिल्या सकाळी तो कागद घेऊन बसला. 'आई घराचं दार कधी पुरतं लावायची नाही,' एवढं लिहिलं आणि हॉटेलवाला बंद फळीवर थापा मारायला लागला. आतले सगळे पंखे बसले होते, गिऱ्हाइकं ताटावर घाम गाळत होती. भिंगरी उठला, पंखा उतरवून घेतला, परत आला, आणि त्यानं कागद टरकावला. मध्येच मोजणी तुटली ना. पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी कागदावर आईचं दार पुन्हा उघडं राहिलं आणि फोन वाजला. टरकावला. तिसऱ्या दिवशी बायकोनं फक्त "भाजीला काय आणू" विचारलं. टरकावला. मग त्यानं पहाटे उठून पाहिलं, तर डास. माळ्यावर बसून पाहिलं, तर तिथे इतकं तापलं की शाई आधी सुकली की हा, असा प्रश्न. मी तर रोजचाच. "किती झालं रे?" एवढंच विचारायला डोकावायचो, तेही प्रेमानं, आणि आतून कागद फाटल्याचा आवाज यायचा.

"काका, तुम्ही जरा गावाला का जात नाही?" त्याची बायको एकदा म्हणाली.

"मी गेलो तर तुमच्या घरातलं बाहेर कसं कळणार?"

"ते दाराचं वाक्य मला आता झोपेत पाठ आहे," ती म्हणाली. "पुढे काय, ते आमच्या ह्यांनाच ठाऊक. घास तोंडाजवळ नेतात आणि हात तिथेच थांबतो. काल वरणात पेन बुडवलं."

खरंच, माणूस सुकत चालला होता. पंखा घ्यायला आलेल्याला तो कुलर द्यायचा. खुंटीवरच्या बाकीच्या चिठ्ठ्या येत-जात होत्या, ताईची तेवढी हलत नव्हती. तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा, आणि दर मिनिटाला मान वळवून बघायचा.

विमानाला थोडे दिवस उरले तेव्हा ताई निरोप घ्यायला आली. थेट दुकानात. मी होतोच. तिनं बॅगा खाली ठेवल्या, चिठ्ठी वाचली.

"कुठंय माझं काम?"

भिंगरीनं समोरचा कागद हातात दिला. त्या सकाळचा. मोजून अर्धं पान.

"बास? उन्हाळाभरात?"

"रोज लिहिलं गं. रोज कुणीतरी मध्ये येतं." हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती.

ताईनं वाचायला घेतलं. तोच एक बाई टेबलफॅन कडेवर घेऊन पायरी चढली. सवयीनं भिंगरीचा हात कागदाकडे गेला. ताईनं मनगट धरलं.

"फाडतोस काय? दार का नाही लावायची आई?"

"ते पुढे येणार होतं."

"आत्ता सांग."

त्यानं टेबलफॅनवाल्या बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पाय चुळबुळत होते. "तू न कळवता यायचीस ना रात्रीच्या गाडीनं. तुझ्या दोन्ही हातांत सामान असायचं. कडी वाजवायला हात मोकळा नसेल, म्हणायची. तू गेलीस त्या दिवसापासून. शेवटी शेवटी माणसं ओळखेना झाली, तरी मी दार लावलं की उठून ढकलायची."

ताईनं मनगट सोडलं नाही. टेबलफॅनवाली पंखा कडेवर घेऊन तशीच उभी.

मग ताईनं नाक पुसलं आणि तिच्यातली नर्स जागी झाली. "आमच्याकडे पाळी बदलली की नवी बाई काय पेशंट पहिल्यापासून लिहून काढते? रेघ मारायची, का थांबलं ते टाकायचं आणि खाली पुढचं लिहायचं. पेशंट तोच असतो. मार रेघ."

"जोड दिसेल, ताई."

"दिसू दे."

त्यानं रेघ मारली. जन्मात पहिल्यांदा, आणि ती वाकडी आली. खाली लिहिलं : 'टेबलफॅनवाल्या बाई आल्या. पुढे.'

त्यानंतर तो जो सुटला, तो उभ्यानं, काउंटरवर, हातात स्क्रूड्रायव्हर धरून लिहीत सुटला. लिखाण काही पुरं झालं नाही. ताईला न्यायला गाडी दारात आली तेव्हाही लिहीतच होता, आणि शेवटचं पान 'गाडी आली. पुढे' इथेच तिच्या पर्समध्ये कोंबलं.

पोचल्यावर ताईचा फोन आला. पानं वाचून झाली, म्हणाली. मग तिनं विचारलं, हॉटेलवाल्याचे पंखे झाले का, आणि पानोपानी 'काका आले. पुढे' असं लिहिलंय, त्या म्हाताऱ्याला दुसरा काही उद्योग नाही का.

दूरदेशी माझं नाव झालंय, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. चिठ्ठी अजून खुंटीलाच आहे. तारीख तेवढी त्यानं खोडली.