दोघांची एक तारीख

"शर्ट वर कर."

मिलिंदने शर्ट वर केला.

"पूर्ण काढ. मुलीसारखा लाजतोस काय?"

डॉक्टरांच्या भोवती डॉक्टरकी शिकणारी पोरंपोरी उभी. मिलिंदपेक्षा थोडीच मोठी. माझा भाऊ टेबलावर उघडा, आडवा. त्याच्या पायजम्याची नाडी डॉक्टरांनी स्वतःच सैल केली आणि पोटावर सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, कुठवर आलीय ते बोटाने आखून दाखवलं. मग एकेक जण पुढे आला. एकेकाने दाबून पाहिलं. मिलिंद छताकडे बघत होता. एकच मुलगी दाबताना "सॉरी" म्हणाली.

शेजारी स्टुलावर सुजाता, माझी धाकटी बहीण. डॉक्टरांनी तिची पापणी अंगठ्याने खाली ओढली. "देखो, पीली. भाई की भी पीली. इन लोगों में ये बहुत मिलता है."

इन लोगों में.

मग ते आईकडे वळले. मराठीत म्हणाले, "ह्या पोराचं असं असताना हिला कशाला जन्माला घातलंस? तुम्हा लोकांना सांगून उपयोग नसतो."

सुजाता ऐकत होती. दहा वर्षांची पोर. तिला सगळं कळलं.

ती तारीख मीच मागून घेतली होती. दोघांना सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, मग हाडं आतून ठणकतात. आमच्या चंद्रपूरकडे घराघरांत आहे हे. बाबा दिल्लीत सरकारी कचेरीत शिपाई, म्हणून सरोजिनी नगरात क्वार्टर. बाबांची सुट्टी साहेबाच्या मर्जीवर. आईला हिंदी येत नाही. म्हणून दोघांचा दवाखाना माझ्याकडे. सुजाता मुलांच्या विभागात, मंगळवारी. मिलिंद मोठ्यांच्या विभागात, शुक्रवारी. मी फरीदाबादच्या कारखान्यात टायपिस्ट. मंगळवारी रजा मागायची, शुक्रवारी परत मागायची. मॅनेजर म्हणायचा, "तुम्हारे घर में रोज कोई बीमार?" खिडकीवर किती वेळा विनवलं, दोघांना एकाच दिवशी बोलवा. खिडकीवरचा माणूस मान वर करत नसे.

मग हे डॉक्टर भेटले. रक्ताच्या आजारांचे मोठे डॉक्टर. आई आणि मी बाकावर बोलत होतो, ते थांबले. "अरे, तुम्ही मराठी?" आईचा चेहरा असा उजळला! दिल्लीत आपलं माणूस. ते पुण्याचे. आईला म्हणाले, "बसा, बसा तुम्ही." मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं. तेही सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा, "अच्छा."

त्यानंतर आईला त्यांनी कधी तुम्ही म्हटलं नाही.

तरी तारीख दिली. दोघांची, एकाच दिवशी. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी होते. दोघं भावंडं एकत्र आली की पोरांना शिकवायला बरी, हे मला त्या टेबलापाशी कळलं.

आईने पदर तोंडाला लावला होता. मान खाली. मी पुढे झाले, मिलिंदवर वाकलेल्या पोराचा हात बाजूला केला आणि शर्ट मिलिंदच्या अंगावर टाकला.

"सुजाता झाली तेव्हा मिलिंदला काय झालंय ते कोणी सांगितलंच नव्हतं. कावीळ म्हणून औषधं देत होते. तुमच्यासारखेच डॉक्टर. आणि माझ्या आईशी तुम्ही म्हणून बोला."

"हिला बरीच जीभ आहे," ते म्हणाले. "एकाच दिवशी तारीख कोणी दिली तुला?"

"दुखतं म्हणून मागितली होती. ह्यांना मांडून ठेवायला नाही."

आम्ही बाहेर पडलो. मागे कोणीतरी हसलं.

पुढच्या वेळी खिडकीवर सुजाताला मंगळवार मिळाला, मिलिंदला शुक्रवार.

पण मिलिंद गेलाच नाही. "ताई, मला नाही जायचं यार. तिथे तर बिल्कुल नाही." मी समजावलं, ओरडले, रडले. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. दुखलं तरी सांगायचा नाही. उशी दातांत धरायचा. त्या हिवाळ्यात थंडीने त्याची छाती धरली. श्वास घेता येईना तेव्हा बाबांनी त्याला उचलून टॅक्सीत घातलं. वॉर्डात खाट नव्हती. एका खाटेवर दोघं, त्यात तो कडेला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. सोळावं संपत आलं होतं.

आई त्यावर एकदाच बोलली. "तू तोंड उघडलंस, भोगलं त्याने."

पण ते मी अंगावर घेत नाही. घेणारही नाही. माझ्या भावाला दवाखान्याची भीती माझ्या तोंडाने घातली नाही. त्याच्या पायजम्याच्या नाडीला ज्यांनी न विचारता हात घातला, त्यांनी घातली.

मिलिंद गेल्यावर सुजाताचा मंगळवार आला. नेलं. दुसरं करणार काय? दुसरा दवाखाना कुठला आम्हाला? मुलांच्या विभागात त्या दिवशी तपासायला तेच डॉक्टर. तशीच पोरंपोरी भोवती. मिलिंद कुठे आहे, विचारलं नाही. "झोप इथे. फ्रॉक वर."

सुजाता माझ्याकडे बघायला लागली.

"आधी पडदा ओढा," मी म्हटलं. "आणि तिला विचारा, एवढ्यांनी बघितलेलं चालेल का."

"इथे एवढा वेळ नसतो."

"मग आम्ही थांबतो."

थांबलो. टेबलाला पाठ लावून दोघी उभ्या. मागून लोक ओरडायला लागले, "बहनजी, हमें भी दिखाना है." त्यांच्याही कडेवर आजारी पोरं. आमच्या बाजूने कोणी बोललं नाही. शेवटी नर्सने चिडून पडदा ओढला. शिकणारी पोरं बाहेर राहिली. डॉक्टरांनी तपासलं. औषध तेच. पुढचा मंगळवार.

काही जिंकलं नाही. सुजाता बरी होणार नाही, मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. मिलिंद परत येणार नाही. त्या टेबलावर उद्या दुसऱ्या कोणाचं पोर उघडं पडेल.

बसस्टॉपवर मी तिला समोर उभं केलं.

"म्हण, मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

तिने म्हटलं. पुटपुटली.

"हिंदीत."

"पूछे बिना हाथ मत लगाना."

"मोठ्याने."

माणसं वळून बघायला लागली. बघू देत. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. दर मंगळवारी लावणार आहे. जिवंत आहे तोवर तिला तिथे नेणार, आणि न विचारता कोणी तिला हात लावला तर तो हात मी धरणार. मग तारीख मिळो, न मिळो.