कंट्रोलच्या बटणाला कुंकू

खरं तर हे कुणाला सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही चहा पाजलात, आता सांगावं लागणार. आधीच बजावतो, हसायचं नाही. यात माझी चूक चार आणे, बाकीचे बारा आणे त्या यंत्राचे!

आम्ही मैसूरचे राव. पणजोबा महाराजांच्या घोडदळात, आणि मी नंजनगूडच्या कारखान्यात टायपिस्ट. रोज बसच्या दांड्याला लोंबकळत जायचं, तसंच परत यायचं. अशात कंपनीनं देवराज मोहल्ल्यातल्या हापिसात कंप्युटर आणला. तो जो चालवेल त्याची बदली मैसूरला. आमच्या घरापासनं हाकेच्या अंतरावर की हो! दसरा झाला की मोठ्या साहेबांना टाइप करून दाखवायचं, की बसचा जाच कायमचा संपला.

मधेच आली खंडेनवमी. त्या दिवशी मैसूरात सायकलीपासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना हार पडतो. मग कंप्युटरनंच काय पाप केलंय? यंत्र बसवायला आलेली इंजिनीअर वनजा सांगून गेली होती, पूजा लांबनं करा, बटणांना ओलं काही लावू नका. अय्यो, काल आलेली पोर मला पूजा शिकवणार? मी मैसूरच्या हापिसात जाऊन मुद्दाम बटणांनाच कुंकू लावायला बसलो.

पण एवढ्या बटणांना कुठवर लावणार? घरात कर्त्या माणसाला आधी टिळा लावतात की नाही? मग यातला कर्ता कोण, ते शोधलं. एका बटणावर इंग्रजीत चक्क छापलेलंच होतं, कंट्रोल. त्याला ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला, वर अक्षता दाबून बसवल्या आणि नमस्कार करून घरी गेलो.

दसऱ्यानंतर साहेब आले. यंत्र चालू केलं की पडद्यावर इंग्रजीत 'वेलकम सर' यावं, अशी व्यवस्था वनजानं करून ठेवली होती. ते आलं. साहेब खूश. म्हणाले, आता पुढं तुमचं नाव टाइप करा.

माझं नाव घनश्याम. जी दाबला. अक्षर उमटलं नाही, यंत्रानं नुसतं टिंग केलं. एच दाबला, तर 'सर'मधलं शेवटचं अक्षर गायब! बोट चुकलं असेल म्हणून परत पहिल्यापासनं. टिंग, आणि आणखी एक अक्षर गेलं. तिसऱ्या खेपेला 'सर' अख्खेच गेले, राहिलं नुसतं 'वेलकम'. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना अरेतुरे केलंय. मी घाबरून अख्खं नाव एका दमात बडवलं. एसवर आलो आणि पडदा जो गप्प झाला तो झालाच.

माझं डोकंच फिरलं. वनजा मागं उभी होती, तिला साहेबांदेखत झापलं. म्हटलं, हे जुनं खोकं नवं म्हणून आमच्या गळ्यात मारलंत. आमच्या टाइपरायटरवर जी दाबला की जीच उमटतो. हे माझं नाव घेत नाही, वर साहेबांना पुसतंय. उचला आणि घेऊन जा.

ती पुढं आली. खाली वाकली, बटणं न्याहाळली.

"इदन्न यारु माडिद्दु, सार्?" कुणी केलं हे, असं विचारत होती.

"मी केलं. आमच्यात करतात," मी छाती काढून सांगितलं.

तिनं टाचणीनं कंट्रोलच्या फटीतनं तांदळाचा दाणा काढला. बटण टक्कन वर आलं.

मग साहेबांना समजावून सांगत बसली. यंत्राच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. कंट्रोल दाबून धरलं की अक्षर छापलं जात नाही, एबीसीडीतल्या त्याच्या नंबराचा हुकूम पाळला जातो. जी सातवा, म्हणजे घंटा वाजव. एच आठवा, म्हणजे मागचं पूस. एस एकोणिसावा, म्हणजे पडदा थांबव.

"रावांच्या अक्षतेनं कंट्रोल दाबून धरलं होतं, सार्. यंत्रानं त्यांचा एकेक हुकूम पाळलाय."

आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? घंटेला वेगळं बटण ठेवायला यांच्या बापाचं काय जात होतं? आणि एवढं नाजूक बटण, तर त्याला असलं भारदस्त नाव कशाला द्यायचं? मी साहेबांना हेच विचारलं. ते म्हणाले, राव, तुमची भक्ती मोठी आहे, पण कारखान्यातली यंत्रं लोखंडाची आहेत, ती सोसतील.

तेव्हापासनं दर खंडेनवमीला मैसूरच्या हापिसातनं मला कारखान्यात फोन येतो. राव, पूजेला येऊ नका, प्रसाद पाठवतो. आणि पाठवतात हो, त्याच नंजनगूडच्या बसनं.