अकरा थरांची खोली

आम्ही तिला मुकादम म्हणायचो. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात वर्गातले मोडके बाक कोणी कुठे न्यायचे हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून.

दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांना श्वास पुरेनासा झाला. पस्तीस वर्षं रंगारीकाम केलेला माणूस, त्याला शिडीच्या दोन पायऱ्या चढवेनात. घेतलेली कामं अर्धवट पडली होती. ती पुरी करायला मुकादम गेली, ती परत वर्गात आलीच नाही. मी पदवी घेतली. तिने शिडी घेतली.

चार वर्षांनी तिला निवड झाल्याचं पत्र आलं. जुन्या इमारतींमध्ये रंगाच्या थरांखाली दडलेली भिंतीवरची चित्रं उघडी करायचं दोन वर्षांचं प्रशिक्षण. बारा जागा, राहायची सोय. अर्ज मीच भरला होता. परीक्षेत प्रत्येकाला रंगवलेली एक जुनी फळी दिली होती. वरचा रंग काढायचा, खालच्याला ओरखडा जाता कामा नये. मुकादमची फळी सगळ्यांत आधी झाली आणि परीक्षक ती हातोहाती फिरवत राहिले.

सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं होतं. जो येणार नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्याला. पत्र हातात पडलं तेव्हा त्या सोमवारला अकरा दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी तिच्या वडिलांना, म्हणजे काकांना, तपासायला डॉक्टर घरी आले आणि काकांपेक्षा भिंतींकडेच जास्त वेळ बघत राहिले. आतल्या खोलीच्या भिंतींना फोड आले होते. बोटाने दाबलं की आतून पाणी झिरपायचं. पलंगाच्या उशाशी काळी बुरशी धरली होती.

"या खोलीत झोपून हे बरे व्हायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "सगळा रंग काढा. भिंत वाळू द्या."

चूक काकांचीच होती. लोकांच्या भिंती खरवडून, घासून, भेगांत लांबी भरून मगच ब्रश लावणारा हा माणूस घरी मात्र कामावरचा उरलेला ऑइल पेंट आणायचा आणि आहे त्याच्यावरच फासायचा. घरच्या भिंतीला कुठे गिऱ्हाईक बघायला येतंय, असं म्हणायचा. असे अकरा थर झाले होते. आत शिरलेल्या ओलीला बाहेर यायला वाट उरली नव्हती.

"दुसरा रंगारी लावू या," मी सुचवलं.

"माझ्या घरात दुसरा रंगारी?" काका म्हणाले. "पोरी, लोक तोंडात शेण घालतील." मग ते बराच वेळ खोकले.

हत्यारं आणायला आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार तिच्या ओळखीचा. तिने मागायच्या आधीच त्याने काउंटरवर दुकान मांडलं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रिमूव्हरचा डबा, गरम झोताने रंग सोडवणारी हीट गन, ग्राइंडरची चकती, आणि पत्रे. पत्रा म्हणजे मूठ बसवलेलं चपटं पातं, बोटभर रुंदीपासून वीतभर रुंदीपर्यंत.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काका. तिने फोन स्पीकरवर ठेवला.

"काय काय काढलंय त्यानं?"

"ग्राइंडर आहे, अप्पा. एका दिवसात चार भिंती होतील."

"धूळ घरभर. मला आजच पोचवायचा विचार आहे का?"

"रिमूव्हर?"

"वास आठवडाभर जात नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपलो तरी मधे दाराची फटच आहे."

"सोड्याची पेस्ट लावून धुऊन काढली तर?"

"सोडा भिंतीत मुरतो. पुढे वर काही टिकत नाही. तुला शिकवलंय ना हे?"

"हीट गन."

पलीकडे जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "खालचे थर जुने आहेत. तेव्हाच्या रंगात शिसं असायचं. तापवलं की धूर विषारी होतो."

"काका," दुकानदार फोनकडे वाकून म्हणाला, "दुकान मी चालवतोय का तुम्ही?"

"तू गल्ल्यावर बस. तेवढं तुला जमतं," काका म्हणाले.

आम्ही हसलो. मुकादम हसली नाही. ती एकेक वस्तू मागे सारत होती. काकांचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. मला आजवर वाटायचं, माणूस खोट्या कारणांनीच अडकवला जातो.

शेवटी काउंटरवर तीन पत्रे उरले. तिने पात्यांच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला, एक परत केला, दोन घेतले. पाणी मारायला फवारा घेतला, धार लावायला कानस. रंग ओला ठेवून हाताने खरवडायचा. धूळ नाही, वास नाही, धूर नाही.

"दिवसाला किती होईल?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"अर्धी भिंत. भिंती चार." तिने बोटांवर मोजलं. "आज शुक्रवार. उद्या धरलं तर पुढच्या शनिवारी संपेल. रविवारी संध्याकाळची बस."

काकांचा पलंग बाहेरच्या खोलीत आला. आतल्या दाराला तिने प्लॅस्टिक लावलं आणि खालच्या फटीत ओला पंचा कोंबला. नाकातोंडाला मास्क बांधून ती सकाळी सातला आत शिरायची. मी दुपारनंतर जायचे. पाणी मारायचं, खरवडलेलं ओलं असतानाच पिशवीत भरायचं, एवढंच मला जमायचं. ती पत्रा भिंतीशी अगदी निजवून धरायची. जरा उभा धरला की खालचा चुन्याचा गिलावा उचकटायचा.

थर सुटत तसे ती सांगायची. "हा पिस्ता दवाखान्याचा. हा निळा शाळेचा. हा साईचा रंग कुणा वकिलाचा, त्याने अप्पांना चार खेपा मारायला लावल्या."

"आणि हा गुलाबी?"

"माझा जन्म झाला तेव्हाचा. लग्नाच्या हॉलमधला उरलेला."

थर फार चिवट निघाले. अर्ध्या भिंतीचा हिशेब कागदावरच राहिला. बुधवारी संध्याकाळपर्यंत दीड भिंत झाली होती. तिच्या उजव्या तळव्याला फोड येऊन फुटले होते. भिंतीला आले होते तसेच, असं काकू, म्हणजे तिची आई, म्हणाल्या आणि मलम शोधायला उठल्या.

गुरुवारी मी भाड्याने हीट गन घेऊन गेले. तिला न विचारता. काका वाफ घ्यायला खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे जाणार होते. दोन तास मिळणार होते.

मुकादमने गनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिडकी उघडली. गन लावली.

रंग फुगला, सुरकुतला आणि सायीसारखा सुटून आला. अकराच्या अकरा थर एकदम. आठवड्यात पहिल्यांदा ती हसली. "आयला," ती म्हणाली, "अशी सुटते होय भिंत!" तास-दीड तासात भिंतीचा मोठा तुकडा मोकळा झाला. आम्ही वेड्यासारख्या बडबडत होतो. बाहेरचं दार वाजलं ते आम्हाला ऐकूच आलं नाही.

काका लवकर परतले होते. प्लॅस्टिकच्या पलीकडून त्यांचा आवाज आला, "कोण जाळतंय?" पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. खोकला थांबेना. ओठ निळसर पडले. खालच्या नर्सबाई धावत वर आल्या आणि अर्ध्या तासात काका इस्पितळात ऑक्सिजनवर होते.

मुकादम मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण मंगळवारपर्यंत इथेच राहू द्या. काकू सोबत थांबल्या. मी घरी गेले. मुकादम आत होती, हातात पत्रा.

मी धीर करून म्हणाले, "आता घरात कोणी नाही. खिडक्या उघड्या ठेव, गन लाव. उद्यापर्यंत उरकेल. मंगळवारपर्यंत वासही जाईल."

"वास जाईल," ती म्हणाली. "काजळी बसेल. छतावर, पलंगाच्या फटीत, गाद्यांत. तिच्यात शिसं असतं."

"आपण पुसून काढू."

"पुसलं की उडतं. तुला काय कळतंय यातलं?"

ती काकांसारखीच बोलत होती. मधे तसाच श्वास घेऊन. आणि आताही म्हणणं खरंच होतं.

रविवारी दुपारी एक भिंत जवळजवळ सगळी बाकी होती. काकू इस्पितळातून घरी आल्या. त्यांनी बॅग भरली. कपडे, तिची परीक्षेतली फळी, ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत. बॅग दारात ठेवून त्या आत आल्या.

"ऊठ. आंघोळ कर. सहाची बस आहे."

"आई, भिंत अर्धी उघडी आहे."

"असू दे. तुझे वडील बाहेरच्या खोलीत झोपतील. आभाळ कोसळत नाही."

"उघडी भिंत सोडून कसं जाऊ? ज्यानं उघडली त्यानंच पुरी करायची. अप्पा एक दिवस तरी कुठली उघडी भिंत सोडून आलेत?"

"म्हणूनच त्यांची ही गत झालीय!" काकूंचा आवाज चढला. "तापात फणफणत गेले होते एकदा, का, तर त्या वकिलाची भिंत उघडी होती. वकील घरी झोपला होता मजेत. आण तो पत्रा इकडे. मी करते."

त्यांनी पत्रा खरंच हिसकावून घेतला आणि भिंतीवर चालवला. जोर होता, हात नव्हता. पातं उभं पडलं. तळहाताएवढा गिलावा निघून पायाशी पडला.



"उभा धरलास, आई," मुकादम हळूच म्हणाली. तिने त्यांच्या हातातून पत्रा काढून घेतला. पडलेला तुकडा उचलून पिशवीत टाकला. त्या जागेवर पाणी मारलं.

मी घड्याळाकडे बघत होते. साडेचार झाले. पाच झाले. "अजून रिक्षाने गाठता येईल," मी म्हणाले. सहाला दहा कमी असताना काकूंनी बॅग उचलून आत नेली. कपाटाचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

सोमवारी अकराच्या सुमारास प्रशिक्षणाच्या कचेरीतून फोन आला. शिडीवरूनच तिने घेतला. "हो," ती म्हणाली. "नाही, नाही येत. द्या पुढच्याला." मग फोन खिशात टाकून तिने छताजवळचा थर काढायला घेतला.

दोन रात्री जागून मंगळवारी सकाळी तिने भिंती संपवल्या. दुपारी काका आले. मी आणि काकूंनी त्यांना दोन बाजूंनी धरलं होतं. खोली उघडीबोडकी, ओल्या चुन्याच्या रंगाची झाली होती. काका उंबऱ्यातच थांबले. चारही भिंती त्यांनी एकामागून एक पाहिल्या. एरवी ते चूक काढायचेच. काढली नाही.

"सोमवार झाला ना?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"मला वाटलं, तू निघून जाशील."

तिने पत्रा फडक्याला पुसला.

"तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो," ते म्हणाले. त्यांना दम लागला होता.

"नसता गेलात, अप्पा."

तिने बादलीत फडकं बुडवून पिळलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागली. मी दारात उभी होते. माझ्या पायांपाशी आल्यावर तिने वर पाहिलं नाही. तेवढी फरशी सोडून ती पुढे गेली.